न छापलेला चौथा भाग

'क्रिस्टल स्टॅटिस्टिक्स' नावाची एक लेखमाला अमेरिकेच्या 'फिजिकल रिव्ह्यू'मध्ये 1940च्या दशकात सुरू झाली. पहिला भाग फेब्रुवारी 1944 मध्ये आला; लेखक लार्स ऑन्सागर. दुसरा भाग 1949 मध्ये आला, तो ब्रुरिया कॉफमनच्या नावावर. त्याच अंकात तिसरा भाग होता, दोघांचा मिळून. चौथा भाग आलाच नाही. आणि सगळ्या जगातले या विषयाचे अभ्यासक ज्या निष्कर्षाच्या सिद्धतेची वाट पाहत होते, ती नेमकी या चौथ्या भागात यायची होती. निष्कर्ष सगळ्यांना माहीत होता. कारण ऑन्सागरने तो फळ्यावर लिहून दाखवला होता. सिद्धता मात्र त्याने कधी छापली नाही.

प्रश्न काय होता, ते आधी पाहू. लोखंडाचा चुंबक तापवत नेला, तर 770 अंश सेल्सिअसला त्याचं चुंबकत्व नाहीसं होतं. थंड केला की पुन्हा येतं. पाण्याची वाफ होते, तसंच हेही अवस्थांतर. लोखंडातला प्रत्येक अणू फक्त आपल्या शेजाऱ्यांना ओळखतो. मग कोट्यवधी अणू एका ठरावीक तापमानाला एकजुटीने आपली शिस्त कशी सोडतात? जर्मन भौतिकशास्त्रज्ञ विल्हेल्म लेंझने 1920 मध्ये यासाठी एक अगदी साधं चित्र सुचवलं. जाळीच्या प्रत्येक बिंदूवर एक बाण कल्पावा. बाण वर असेल किंवा खाली, तिसरा पर्याय नाही. शेजारचे दोन बाण एका दिशेला असले की ऊर्जा कमी, विरुद्ध दिशेला असले की जास्त. बस्स, एवढंच. हा प्रश्न लेंझने आपला विद्यार्थी अर्न्स्ट आयझिंग याला दिला. आयझिंगने एका ओळीत मांडलेल्या बाणांचं गणित पूर्ण सोडवलं आणि 1925 मध्ये छापलं. उत्तर निराशेचं होतं: एका ओळीत अवस्थांतर होतच नाही. त्यावरून त्याने असंही अनुमान काढलं की तीन मितींमध्येही ते होणार नाही. हे अनुमान चुकलेलं होतं. का, ते एका उदाहरणाने पाहू.

गावाला जोडणारा एकच रस्ता असला, तर पावसाळ्यात एक पूल वाहून गेला तरी संपर्क तुटतो. रस्त्यांचं जाळं असेल तर माणसं दुसऱ्या वाटेने पोचतात. बाणांच्या ओळीत एका ठिकाणी उलटापालट झाली की पलीकडच्या बाणांपर्यंत अलीकडची खबर पोचत नाही, आणि अशी एक उलटापालट घडवायला लागणारी ऊर्जा ओळ कितीही लांब असली तरी तेवढीच असते. जाळीत मात्र उलट्या बाणांचं बेट तयार करायचं तर त्याच्या पूर्ण किनाऱ्याची किंमत मोजावी लागते. रुडॉल्फ पायर्ल्सने 1936 मध्ये हाच युक्तिवाद करून दाखवलं की दोन मितींमध्ये कमी तापमानाला चुंबकत्व टिकतं. म्हणजे अवस्थांतर आहे. ते कोणत्या तापमानाला, हे 1941 मध्ये क्रामर्स आणि वानिए या दोघांनी एका सुंदर युक्तीने काढलं. कमी तापमानाची जाळी आणि जास्त तापमानाची जाळी ही एकमेकींची आरशातली प्रतिबिंबं आहेत, हे त्यांच्या लक्षात आलं. प्रतिबिंब आणि मूळ जिथे एक होतात तेच क्रांतिक तापमान. शेजाऱ्यांमधल्या जोडाची ऊर्जा आणि बोल्ट्झमानचा स्थिरांक यांच्या भागाकाराला एकक मानलं, तर हे तापमान 2.269 येतं. पण त्या तापमानाला नेमकं घडतं काय, हे त्यांनाही सांगता आलं नव्हतं.

28 फेब्रुवारी 1942 या दिवशी न्यूयॉर्क अकॅडमी ऑफ सायन्सेसमध्ये वानिएचं व्याख्यान झालं. नंतरच्या चर्चेत ऑन्सागर उभा राहिला आणि त्याने सांगितलं की दोन मितींमधला हा प्रश्न, बाहेरचं चुंबकी क्षेत्र शून्य असताना, आपण पूर्ण सोडवला आहे. पुढची दोन वर्षं छापील काहीच नव्हतं. मग 1944 चा तो 33 पानी लेख आला.

हा माणूस कोण, ते सांगितलं पाहिजे. कारण त्याची कहाणी त्याच्या छापील यादीतून कळत नाही. लार्स ऑन्सागर 27 नोव्हेंबर 1903 रोजी आजच्या ऑस्लोमध्ये एका वकिलाच्या घरी जन्मला. ट्रॉन्डहाइमच्या तंत्रशिक्षण संस्थेत त्याने रासायनिक अभियांत्रिकी शिकली. तिथे असतानाच त्याने विद्युत्-अपघटनी द्रावणांबद्दलचा पीटर डिबाय यांचा सिद्धांत वाचला, त्यात एक त्रुटी काढली आणि पदवी झाल्यावर झुरिक गाठून थेट डिबायना जाऊन सांगितलं की तुमचा सिद्धांत बरोबर नाही. डिबाय मोठ्या मनाचे. त्यांनी ऐकून घेतलं आणि या पोराला आपला सहायक नेमलं.

1928 मध्ये तो अमेरिकेला गेला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवायचं काम मिळालं, आणि एका सत्रात सुटलं. मुलांना काही कळत नव्हतं. मग ब्राउन विद्यापीठ. तिथे त्याने 1931 मध्ये दोन लेख छापले. उष्णतेच्या प्रवाहामुळे वीज वाहते आणि विजेच्या प्रवाहामुळे उष्णता वाहते. या दोन परिणामांना बांधणारे गुणांक सारखेच असले पाहिजेत, हे त्याने सूक्ष्म कणांच्या गतीचे नियम काळात मागे चालवले तरी बदलत नाहीत, एवढ्या एका गोष्टीवरून सिद्ध केलं. हेच ते व्युत्क्रम संबंध, ज्यांच्यासाठी 37 वर्षांनी, 1968 मध्ये, त्याला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. एक लेख 22 पानांचा, दुसरा 15. पानं मोजली तर नोबेल मिळालेल्या कामांमध्ये हे सर्वांत लहानांपैकी एक, असा उल्लेख खुद्द पारितोषिक समारंभाच्या भाषणात झाला. पण हेच काम त्याने पीएच.डी.साठी ट्रॉन्डहाइमला दिलं होतं, तेव्हा ते प्रबंध म्हणून अपुरं ठरलं होतं. त्याच संस्थेने 1960 मध्ये त्याला मानद डॉक्टरेट दिली.

महामंदीत ब्राउनची नोकरी गेली. 1933 मध्ये येलने त्याला डॉक्टरेटनंतरची शिष्यवृत्ती दिली आणि मग कळलं की याच्याकडे डॉक्टरेटच नाही. काहीतरी लिहून दे, आम्ही पदवी देतो, असं ठरलं. ऑन्सागरने जो प्रबंध दिला तो माथ्यूच्या समीकरणाच्या उत्तरांवर होता, शुद्ध गणित. रसायन विभागात तो कोणाला झेपेना, भौतिकी विभागातही नाही. शेवटी गणित विभागाचे आइनार हिल यांनी सांगितलं की रसायनवाल्यांना पदवी द्यायची नसेल तर आम्ही आनंदाने देऊ. 1935 मध्ये रसायन विभागाने पदवी दिली. येलमधल्या विद्यार्थ्यांनी त्याच्या दोन अभ्यासक्रमांना 'अ‍ॅडव्हान्स्ड नॉर्वेजियन, एक आणि दोन' असं नाव ठेवलं होतं. फळ्याकडे तोंड करून, स्वतःशी बोलल्यासारखा तो शिकवत असे.

आता 1944 च्या लेखाकडे. ऑन्सागरने काय केलं असेल, हे थोडं जवळून पाहण्यासारखं आहे. अनंत लांबीची, पण मर्यादित रुंदीची पट्टी घ्यायची. तिच्या एका आडव्या ओळीवरून पुढच्या ओळीवर कसं जायचं, याची नोंद एका मॅट्रिक्समध्ये करायची. या मॅट्रिक्सचं सर्वांत मोठं आयगेन मूल्य मिळालं की पट्टीची सगळी ऊर्जा, उष्णता, सगळं हातात येतं. अडचण अशी की रुंदी एकाने वाढली की मॅट्रिक्स दुप्पट होते. रुंदी 4 असेल तर 16 ओळी-स्तंभ, रुंदी 10 असेल तर 1024. ऑन्सागरने रुंदी 2, मग 3, मग 4 अशी एकेक पट्टी हाताने सोडवली. उत्तरांमध्ये एक ठेवण दिसू लागली: आयगेन मूल्यं सुट्या सुट्या सोप्या घटकांनी बनलेली होती. अशी ठेवण योगायोगाने येत नाही. तिच्यामागे कोणतं बीजगणित आहे ते त्याने शोधलं, आणि त्याच्या जोरावर रुंदी अनंतापर्यंत नेली. त्या बीजगणिताला आज ऑन्सागरचंच नाव आहे. निष्कर्ष असा निघाला की क्रांतिक तापमानाला विशिष्ट उष्णता अनंताकडे जाते, पण फार सावकाश, लॉगरिदमच्या गतीने. कोणत्याही प्रचलित अंदाजी सिद्धांताने हे भाकीत केलं नव्हतं. युद्ध संपल्यावर हेंड्रिक कॅसिमिरने वोल्फगांग पाउलीला विचारलं की युद्धाच्या काळात सैद्धांतिक भौतिकीत काय घडलं. पाउलीचं उत्तर होतं की ऑन्सागरचं आयझिंग मॉडेल सोडलं तर विशेष काही नाही. जुन्या पिढीतले लोक हा किस्सा आवर्जून सांगत, आणि पाउली दुसऱ्याच्या कामाची तारीफ किती क्वचित करत असे, हे जाणणाऱ्यांना त्याचं वजन कळतं.

लेख वाचणं मात्र महाकठीण. चेन निंग यांग या तरुण चिनी शास्त्रज्ञाने तो शिकागोत असताना नेटाने वाचला. प्रत्येक पायरी बरोबर आहे हे पटत होतं, पण लेखक कुठे चाललाय हेच कळेना, असं त्याने पुढे लिहिलं. वाट मोकळी केली ती ब्रुरिया कॉफमनने. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात शिकलेली ही गणिती भौतिकशास्त्रज्ञ कोलंबिया विद्यापीठात डॉक्टरेट करत होती. इलेक्ट्रॉनच्या समीकरणात डिराकने जी स्पिनरांची हत्यारं वापरली, तीच तिने इथे चालवली. दुपटीने फुगणारी ती अवाढव्य मॅट्रिक्स म्हणजे प्रत्यक्षात एका बऱ्याच लहान अवकाशातली फिरवणूक आहे, हे तिने दाखवलं. 33 पानांचं काम 12 पानांत आलं, आणि इतरांनाही ते कळू लागलं. माझ्या मते या कहाणीत कॉफमनला तिच्या वाट्याचं श्रेय कधीच पुरतं मिळालं नाही. पुढे ती प्रिन्स्टनमध्ये आइन्स्टाइनची सहायक होती, एवढ्यावरच पुष्कळदा तिची ओळख संपवली जाते.

तरी मूळ प्रश्न शिल्लक होता. क्रांतिक तापमानाच्या खाली चुंबकत्व किती? 1944 च्या लेखात विशिष्ट उष्णता होती, चुंबकत्व नव्हतं.

23 ऑगस्ट 1948 रोजी कॉर्नेल विद्यापीठात अवस्थांतरांवरच्या परिषदेत लाझ्लो टिसाचं व्याख्यान झालं. त्यानंतर ऑन्सागर फळ्यापाशी गेला आणि त्याने चुंबकत्वाचं सूत्र लिहिलं. आपण आणि कॉफमनने ते काढलं आहे, असं सांगितलं; कसं काढलं ते सांगितलं नाही. सूत्र एका ओळीत मावणारं आहे. चौकोनी जाळीसाठी ते शब्दांत असं: चुंबकत्वाचा आठवा घात म्हणजे एकातून एका हायपरबोलिक साइनच्या चौथ्या घाताचा व्यस्त वजा. पुढच्या वर्षी मे महिन्यात फ्लॉरेन्सला सांख्यिकीय यामिकीची युद्धानंतरची पहिली मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे रशब्रुकच्या निबंधावरच्या चर्चेत ऑन्सागरने पुन्हा तेच सूत्र मांडलं. परिषदेचा वृत्तान्त 'न्यूओव्हो चिमेंतो' या इटालियन नियतकालिकाच्या पुरवणीत छापला गेला, तेव्हा ते सूत्र प्रथम छापील रूपात आलं: कुणाच्या तरी निबंधाखालचा चर्चेतला शेरा म्हणून.

त्याच परिषदेत, आणखी एका चर्चेत, अतिप्रवाही हेलियमच्या भोवऱ्यांची ताकद ठरावीक पटींतच असू शकते, असंही तो बोलता बोलता सांगून गेला. हा विचार रिचर्ड फाइनमनने 1955 मध्ये स्वतंत्रपणे मांडला. खळाळत्या प्रवाहातल्या ऊर्जेच्या वाटणीचा जो नियम आपण कोल्मोगोरोवच्या नावाने ओळखतो, तोही ऑन्सागरने स्वतंत्रपणे शोधला होता. 1945 मध्ये काही ओळींच्या सारांशात त्याने तो छापला आणि विषय तिथेच सोडला. अशा माणसाच्या कामाची यादी करायला बसलं तर शेरे, सारांश, पत्रं, फळे यांची यादी करावी लागते. आपल्याकडे प्राध्यापकांच्या नेमणुकीत आणि बढतीत शोधनिबंधांना गुण देऊन बेरीज करतात. त्या तक्त्यात फ्लॉरेन्सच्या दोन शेऱ्यांसाठी रकानाच नाही.

त्याने सिद्धता का छापली नाही? पुष्कळ तर्क केले गेले, पण ऑन्सागरने स्वतः नंतर सांगितलेली हकिगत सरळ आहे. चुंबकत्व काढायला एका विशिष्ट ठेवणीच्या, टोप्लिट्झ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, निश्चयकांची किंमत लागत होती. निश्चयकाचा आकार वाढत अनंताकडे गेला की ती कुठे स्थिरावते, याचं सामान्य सूत्र त्याला सापडलं. पण गणितज्ञ ज्याला सिद्धता म्हणतील तसं ते काटेकोर बसवायचं राहिलं होतं, आणि त्या फटी बुजवल्याशिवाय छापणं त्याला पटत नव्हतं. मधल्या काळात येलमधला सहकारी शिझुओ काकुतानी याच्याशी तो हे बोलला. काकुतानीने ते हंगेरियन गणितज्ञ गाबोर सेगोला सांगितलं. टोप्लिट्झ निश्चयकांवर 1915 पासून काम केलेल्या सेगोने ते सिद्ध केलं आणि 1952 मध्ये छापलं. गणितात आज ते सेगोचं प्रबळ सीमाप्रमेय म्हणून शिकवतात. भौतिकीतल्या चुंबकाच्या प्रश्नातून शुद्ध गणितातलं एक पायाभूत प्रमेय जन्मलं, ते दोन माणसांच्या बोलण्यातून.

भौतिकीच्या बाजूने कोडं सोडवलं यांगने. नोव्हेंबर 1949 मध्ये प्रिन्स्टनच्या चौकातून इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीला जाणाऱ्या गाडीत होआकिन लटिंजरने त्याला कॉफमनच्या सोप्या रीतीबद्दल सांगितलं. उतरेपर्यंत यांगच्या मनात ती पक्की बसली होती. 1951 मध्ये सुमारे सहा महिने तो चुंबकत्वाच्या मागे लागला. आपल्या आयुष्यातलं हे सर्वांत लांबलचक गणित, असं तो म्हणत असे. वाटेत पदावल्या इतक्या फुगत की सोडून द्यावंसं वाटे. मग एखादी युक्ती सुचे आणि निम्मी पदं एकमेकांना खाऊन टाकत. अखेरीस हाती आलं ते फळ्यावरचं तेच एका ओळीचं सूत्र. 1952 मध्ये यांगचा लेख छापून आला, नऊ पानांचा.

सूत्राचं मोल कशात होतं, ते दोन आकड्यांवरून कळेल. जाळीचं तापमान क्रांतिक तापमानाच्या फक्त 1 टक्का खाली ठेवलं, तर व्हाइसच्या जुन्या सरासरी-क्षेत्र सिद्धांतानुसार चुंबकत्व पूर्ण मूल्याच्या 17 टक्के उरतं. ऑन्सागरच्या सूत्रानुसार 69 टक्के. म्हणजे बाणांची शिस्त शेवटच्या क्षणापर्यंत टिकते आणि मग कडेलोट होतो. जुना सिद्धांत चुंबकत्व वर्गमुळाच्या गतीने शून्याला नेत होता; खरं उत्तर आठव्या मुळाचं. द्रव आणि वायूवरच्या प्रयोगांत एक-तृतीयांशाच्या जवळचा घातांक दिसत होता, तोही जुन्या सिद्धांतात बसत नव्हता. आता निदान एक उदाहरण असं झालं, जिथे जुना सिद्धांत चुकतो हे शंकेला जागा न ठेवता सिद्ध होतं. हे घातांक येतात कुठून, या प्रश्नाने पुढची वीस वर्षं विडम, कॅडानॉफ, फिशर यांना जागं ठेवलं. 1971 मध्ये केनेथ विल्सनने त्याचं उत्तर दिलं आणि त्यासाठी त्याला 1982 चं नोबेल मिळालं.

आणि आयझिंग? तो संशोधन सोडून शाळामास्तर झाला होता. ज्यू असल्यामुळे 1933 मध्ये नोकरी गेली. पॉट्सडामजवळच्या काप्युट गावातल्या ज्यू मुलांच्या शाळेत तो शिकवू लागला. ती नोव्हेंबर 1938 मध्ये उद्ध्वस्त झाली. लक्झेंबर्गला पळाला, तिथे जर्मन सैन्य पोचलं आणि त्याला रेल्वेचे रूळ उखडण्याच्या कामावर जुंपलं. 1947 मध्ये तो अमेरिकेत आला आणि पुढे इलिनॉयमधल्या ब्रॅडली विद्यापीठात शिकवू लागला. 1949 च्या सुमारास त्याला कळलं की आपलं नाव एका मॉडेलला लागलं आहे. त्या विषयावर त्याने 1925 नंतर काहीही छापलं नव्हतं. 1998 मध्ये तो वारला.

फ्लॉरेन्सपासून सुरू झालेली ती परिषदांची मालिका 'स्टॅटफिज' या नावाने आजही चालते, आणि या क्षेत्रातलं सर्वोच्च मानलं जाणारं बोल्ट्झमान पदक तिथेच देतात. 2022 चं पदक जॉन हॉपफील्ड यांच्याबरोबर दीपक धर यांना मिळालं. हे पदक मिळवणारे ते पहिले भारतीय. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी काही दशकं काम केलं, नंतर ते पुण्याच्या आयसरमध्ये आले. वाळूच्या ढिगाच्या मॉडेलची त्यांनी काढलेली अचूक उत्तरं त्याच परंपरेतली आहेत: मॉडेल साधं घ्यायचं आणि उत्तर अंदाजाने नव्हे, पूर्ण काढायचं. हॉपफील्ड यांचं स्मरणशक्तीचं मॉडेल तर बाणांच्या जाळीचंच भावंड आहे.

ऑन्सागर 5 ऑक्टोबर 1976 रोजी फ्लोरिडात वारला. न्यू हेवनच्या ग्रोव्ह स्ट्रीट दफनभूमीत त्याची कबर जॉन कर्कवुड या सहकाऱ्याच्या कबरीशेजारी आहे. कर्कवुडच्या दगडावर पदकांची आणि पदांची लांब यादी कोरलेली आहे; ऑन्सागरच्या दगडावर 'नोबेल पारितोषिक विजेता' एवढंच, आणि मुलांनी मागाहून जोडलेलं एक तारकाचिन्ह व 'इत्यादी' हा शब्द. त्याचं सगळं लेखन 1996 मध्ये एकाच खंडात निघालं. चौथ्या भागासाठी कॉफमनबरोबर टंकलेला मसुदा मात्र हस्ते परहस्ते राहिला. ऑस्ट्रेलियातले रॉडनी बॅक्स्टर यांनी त्यातली सिद्धता जुळवून 2011 मध्ये छापली, आणि ऑन्सागर-कॉफमन यांच्याकडे 1940च्या दशकातच चुंबकत्वाची रीत तयार होती हे स्पष्ट झालं.

तीन मितींमधल्या आयझिंग मॉडेलचं क्रांतिक तापमान संगणकाने 4.51 असं काढलेलं आहे, त्यापुढचे पुष्कळ दशांशही माहीत आहेत. पण ऑन्सागरने दोन मितींसाठी दिलं तसं अचूक सूत्र तीन मितींसाठी आजवर कोणालाही देता आलेलं नाही.